पृच्छा-नियोजक : ॲडाप्टरमधील दोष व त्यांचे निदान

माहितीसंचयाला (डेटाबेसला) विचारलेला प्रश्न कोणत्या क्रमाने व कोणत्या रीतीने सोडवावयाचा हे ठरविणाऱ्या आज्ञावलीच्या भागास पृच्छा-नियोजक किंवा क्वेरी प्लॅनर असे म्हणतात. एसक्यूएल भाषेत काय हवे तेवढेच सांगितले जाते. ते कसे मिळवावयाचे हे सांगितले जात नाही. उदा., ‘नाशिक जिल्ह्यातील ज्या शाळांची पटसंख्या १०० पेक्षा कमी आहे त्यांची नावे द्या’ या पृच्छेसाठी आधी तालुक्यांचे कोष्टक चाळावे की शाळांचे, दोहोंची जोड कशी घालावी, निवड केव्हा करावी, या सर्व गोष्टी नियोजक ठरवितो. कोष्टके जेव्हा माहितीसंचयाच्या स्वतःच्या ताब्यात असतात तेव्हा त्यांच्याविषयीची माहितीही नियोजकाजवळ असते. परंतु ती एखाद्या परक्या स्रोतात, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, दुसऱ्या जातीच्या माहितीसंचयात किंवा दूरस्थ सेवेत असली, तर मध्ये ॲडाप्टर हा जोडणी-घटक लिहावा लागतो. स्रोतात किती ओळी आहेत, कोणती निवड तो स्वतः करू शकतो, ओळी कोणत्या क्रमाने देतो, इ. विधाने ॲडाप्टर नियोजकापुढे करतो. नियोजक ती पडताळून पाहत नाही. खरी मानून पुढे जातो. ‘नियोजकातील दोष’ म्हणून जे समोर येतात त्यांतील बहुसंख्य दोष वस्तुतः या विधानांतील असतात. [⟶ संगणक].

इतिहास : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले तेव्हा ‘कसे’ हा भाग यंत्रावर सोपविण्याची कल्पना पुढे आली; पण ती व्यवहार्य ठरेल की नाही याविषयी पुष्कळ शंका घेतली जात होती. आय्‌बीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर या प्रायोगिक संहतीवर काम करणाऱ्या पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संभाव्य योजनांचा खर्च अंदाजून सर्वांत स्वस्त योजना निवडण्याची पद्धत दिली. आजचे बहुतेक नियोजक याच कुळातील आहेत. गट्झ ग्रेफ व विल्यम मॅकेना यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या व्होल्कॅनो पद्धतीत योजना बदलण्याचे ज्ञान नियोजकाच्या गाभ्यातून काढून सुट्या नियमांत ठेवले गेले. बाहेरच्या माणसाने स्वतःचे नियम आणून जोडण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, आणि त्याबरोबर ते नियम चुकण्याचीही.

ॲडाप्टर लिहिण्यासाठी आज मुख्यतः दोन व्यवस्था परिचित आहेत. जूलियन हाइड यांनी ऑप्टिक या नावाने सुरू केलेला व २०१४ मध्ये अपाचे प्रतिष्ठानाकडे आलेला कॅल्साइट हा प्रकल्प २०१५ मध्ये तेथील स्वतंत्र प्रकल्प झाला. त्याचा नियोजक व्होल्कॅनो पद्धतीचा आहे. दुसरी व्यवस्था पोस्टग्रेस या माहितीसंचयातील ‘फॉरिन डेटा रॅपर’ ही होय. ती ९·१ या आवृत्तीत (२०११) केवळ वाचनासाठी आली व ९·३ मध्ये (२०१३) तीत लेखनाचीही सोय झाली. पुढील विवेचन प्रामुख्याने कॅल्साइटला धरून केले आहे, कारण तेथे नियोजकाचे अंतरंग ॲडाप्टरकर्त्यापुढे पुष्कळच उघडे असते.

नियोजनाचे स्वरूप : कॅल्साइटमध्ये पृच्छेचा प्रथम एक तार्किक वृक्ष बनतो. त्यातील प्रत्येक क्रियेला, म्हणजे वाचन, निवड, जोड, क्रमण इत्यादींना, काही गुणलक्षणे चिकटविलेली असतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे गुणलक्षण म्हणजे कन्व्हेन्शन, अर्थात ती क्रिया कोणत्या यंत्रणेत चालेल याचा निर्देश. आरंभीच्या तार्किक क्रियांचे कन्व्हेन्शन ‘काहीही नाही’ असे असते व त्यांचा खर्च अनंत धरलेला असतो; म्हणजे अशी क्रिया कागदावर मांडता येते, चालविता येत नाही. नियम लागू होत जातात तसतशी प्रत्येक क्रियेला समतुल्य अशी दुसरी रूपे तयार होतात. एकच फलित देणारी सर्व रूपे एका संचात ठेवतात आणि त्या संचाचे गुणलक्षणांनुसार उपसंच पाडतात. मुळाशी असलेल्या क्रियेचे विशिष्ट कन्व्हेन्शनमधील, सामान्यतः एन्युमरेबल या कॅल्साइटच्या स्वतःच्या चालक यंत्रणेतील, रूप मिळावयास हवे आणि त्याचा खर्च सान्त असावयास हवा. तसे झाले नाही तर ‘इष्ट गुणधर्मांची क्रिया निर्माण करण्यास पुरेसे नियम नाहीत’ या आशयाचा संदेश देऊन नियोजन थांबते.

योजना न सापडणे : या संदेशाने नवशिक्याची दिशाभूल होते. संदेशात मुळाच्या क्रियेचा उल्लेख असतो, म्हणून दोषही तेथेच शोधला जातो. आणि ‘नियम पुरेसे नाहीत’ हे शब्दशः घेऊन दिसेल तो नियम जोडण्याचा उद्योग सुरू होतो. वास्तविक अनंत खर्च हा खालून वर चढत येतो. एका पानाशी असलेल्या क्रियेला चालविण्याजोगे रूप मिळाले नाही, की तिच्या वरची प्रत्येक क्रिया अनंत खर्चाची होते. त्यामुळे संदेश उलट दिशेने, म्हणजे तळापासून, वाचला पाहिजे. अलीकडच्या आवृत्त्यांत संदेशातच कोणते रूपांतर उणे आहे व कोणते उपसंच रिकामे राहिले हे दिलेले असते, आणि त्याखाली सर्व संचांची यादी प्रत्येकाच्या खर्चासह छापलेली असते. यादीत ज्या सर्वांत खालच्या उपसंचापुढे अनंत खर्च दिसतो तेथे दोषाचे स्थान असते. यादी लांबलचक व रूक्ष असते, म्हणून ती टाळली जाते. पण निदानाचा निम्म्याहून अधिक भाग तीतच असतो.

स्थान सापडल्यावर कारणे मोजकीच उरतात. पुष्कळदा ॲडाप्टरचे नियम नियोजकापर्यंत पोहोचलेलेच नसतात. प्रचलित रचनेत ॲडाप्टरची स्वतःची वाचन-क्रिया नियोजकात नोंदली जाते तेव्हा ती आपले नियम बरोबर आणते. कोष्टकाने स्वतःच्या वाचन-क्रियेऐवजी सर्वसाधारण तार्किक वाचन-क्रिया परत दिली, तर नियम बिनचूक लिहिलेले असूनही नियोजकाला त्यांचा पत्ता लागत नाही. दुसरे कारण म्हणजे ॲडाप्टरच्या कन्व्हेन्शनमधून एन्युमरेबलमध्ये नेणारा रूपांतरक नसणे. तेव्हा स्रोताच्या बाजूची सर्व योजना तयार असते, पण ती पलीकडे नेणारा पूल नसतो. तिसरे कारण अधिक फसवे आहे. नियमात नवी क्रिया घडविताना तिच्या खालची क्रियाही त्याच कन्व्हेन्शनमध्ये मागावयाची असते. ती मागणी विसरली, की वरची क्रिया ॲडाप्टरची आणि खालची तार्किकच, असे जोडरूप तयार होते. नियम लागू झाल्याची नोंद दिसते, नवी क्रिया यादीतही दिसते, खर्च मात्र अनंतच राहतो.

यांखेरीज काही दोष त्याच जागी आपला परिचय देतात. खालील क्रिया बदलून क्रियेची नवी प्रत काढण्याची पद्धत ॲडाप्टरकर्त्याने लिहिली नसेल, तर ती लिहावी असे सांगणाराच संदेश येतो. नियमाने दिलेल्या नव्या रूपाचे स्तंभप्रकार मूळ रूपाशी जुळले नाहीत, तर भिन्न प्रकाराची क्रिया संचात घालता येत नाही अशी तक्रार होते. बहुधा यात संख्या व मजकूर असा ढोबळ फरक नसतोच. एका बाजूस स्तंभ रिक्त असू शकतो असे म्हटलेले असते आणि दुसऱ्या बाजूस असू शकत नाही असे, एवढ्याने हा संदेश उद्‌भवतो. घाईने प्रकार बळेच जुळवून तो गप्प करणे धोक्याचे असते, कारण रिक्ततेविषयीचे चुकीचे विधान पुढे निवडीच्या सरलीकरणात वापरले जाते.

पोस्टग्रेसमध्ये मार्ग सुचविणाऱ्या कार्याने एकही मार्ग सुचविला नाही, तर दिलेल्या पृच्छेसाठी योजना आखता आली नाही असा संदेश येतो. जोड किंवा समूहन स्रोताकडे सोपविताना परत येणाऱ्या स्तंभांची यादी अपुरी दिली, तर खालच्या योजनेच्या यादीत चल सापडत नाही, असा दुसरा संदेश मिळतो. स्थानिक तपासणीसाठी राखलेल्या अटींना लागणारे स्तंभ मागविले आहेत की नाहीत, हे तेव्हा प्रथम पाहावे.

नियोजन संपतच नाही, हाही योजना न सापडण्याचाच एक प्रकार होय. एखादा नियम स्वतःच्याच फलितावर पुन्हा लागू होत असेल, किंवा दोन नियम एकमेकांचे काम उलटवीत असतील व दर वेळी किंचित वेगळे रूप जन्मास येत असेल, तर संच वाढतच जातात. हुबेहूब तेच रूप पुन्हा आले तर नियोजक ते ओळखून सोडून देतो. फेऱ्यात सापडते ते किंचित वेगळे रूप. उपाय नियमाच्या जुळणीच्या अटीतच करावा लागतो; आपण काम केलेल्या क्रियेवर तो पुन्हा जुळता कामा नये.

चुकीचे फलित : आतापर्यंतचे दोष त्रासदायक असले तरी प्रामाणिक आहेत, काम थांबते व संदेश मिळतो. खरा धोका योजना सापडते, पृच्छा पूर्ण होते आणि उत्तर चुकीचे असते तेव्हा असतो. कोणताही संदेश येत नाही. शाळांच्या यादीतून एक तालुका गळाला, तर यादी पाहणाऱ्यास ते कळण्याचे कारण नसते.

अशा दोषांचा मोठा उगम म्हणजे निवडीची जबाबदारी. कॅल्साइटमधील एका सोप्या प्रकारच्या कोष्टकात निवडीच्या अटींची यादी ॲडाप्टरच्या हाती दिली जाते. जी अट तो स्वतः पाळणार ती त्याने यादीतून काढावयाची व उरलेल्या अटी कॅल्साइटने नंतर तपासावयाच्या, असा करार असतो. अट काढली आणि ती तंतोतंत पाळली नाही, तर ती कोणीच तपासत नाही. पोस्टग्रेसमध्येही योजना घडविताना जी अट स्थानिक यादीतून वगळली ती स्रोताने पाळलीच आहे असे समजले जाते. ‘तंतोतंत’ या शब्दावर येथे भर आहे. एसक्यूएलमध्ये जिल्हा रिक्त असलेली ओळ ‘जिल्हा नाशिक नव्हे’ या अटीस उतरत नाही, कारण रिक्त मूल्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरेही नसते व खोटेही नसते. मॉंगोडीबी या दस्तऐवजी माहितीसंचयात मात्र ‘नव्हे’ची अट ज्या दस्तऐवजात ते क्षेत्रच नाही त्यालाही लागू पडते. शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत.

स्रोताचा अर्थ सैल असून तो हव्या त्यापेक्षा अधिक ओळी देत असेल, तर अट यादीत तशीच ठेवावी. दुबार तपासणीचा अल्प भार पडतो, उत्तर मात्र बरोबर येते. स्रोत कमी ओळी देत असेल तर दुबार तपासणीचा काहीही उपयोग होत नाही, कारण न आलेली ओळ तपासता येत नाही. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या तुलनेत रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे समान मानली जातात. तेथे एखाद्या नावाशी ‘समान’ असण्याची अट सोपविली तर जास्तीच्या ओळी येतात व त्या नंतर गाळता येतात. ‘असमान’ असण्याची अट सोपविली तर हव्या असलेल्या ओळी तिकडेच राहतात. एकच तुलना एका अटीत सुरक्षित व दुसरीत घातक ठरते. ‘पहिल्या १० ओळी द्या’ ही मर्यादा सोपविण्याचेही तसेच आहे. वर एखादी अट तपासावयाची राहिली असताना मर्यादा खाली नेली, तर १० ओळी आणून त्यांतल्या काही गाळल्या जातात, आणि स्रोतात आणखी ओळी असूनही हाती सहासातच पडतात.

दुसरा उगम केवळ कॅल्साइटच्या रचनेमुळे संभवतो व तो शोधण्यास फार कठीण आहे. दोन क्रिया एकच आहेत की नाहीत हे नियोजक त्यांच्या ओळखलेखावरून, म्हणजे क्रियेने स्वतःविषयी छापून दिलेल्या वर्णनावरून, ठरवितो. ॲडाप्टरने निवडीची अट आपल्या वाचन-क्रियेत सामावून घेतली, पण वर्णनात तिचा उल्लेख केला नाही, असे समजू. एकाच पृच्छेत नाशिक व सांगली या दोन जिल्ह्यांच्या याद्या एकत्र मागविल्या, तर दोन्ही वाचन-क्रियांचे वर्णन अक्षरशः एकच होते. नियोजक त्यांना एकच समजतो, आणि एका जिल्ह्याची यादी दोनदा येते. एकेक जिल्हा स्वतंत्रपणे मागविला असता उत्तर बरोबर येते, त्यामुळे चाचणीतही दोष निसटतो. क्रियेचे फलित ज्या ज्या गोष्टीवर अवलंबून आहे ती प्रत्येक गोष्ट वर्णनात आलीच पाहिजे.

तिसरा उगम क्रमणाविषयीच्या विधानात आहे व देवनागरी मजकुराच्या बाबतीत तो विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मराठी वर्णमालेत ळ हा वर्ण ह नंतर येतो. युनिकोडमधील संकेतांकांच्या क्रमात मात्र तो ल व व यांच्या मध्ये आहे. म्हणून कल्याण, कळवण व कवठे महांकाळ ही नावे संकेतांकांनुसार याच क्रमाने लागतात, तर मराठी कोशक्रमानुसार कल्याण, कवठे महांकाळ, कळवण अशी लागतात. दोन्ही याद्या ‘क्रमित’ आहेत हे विधान खरेच आहे. आता एक यादी पहिल्या क्रमाने व दुसरी दुसऱ्या क्रमाने देणाऱ्या दोन स्रोतांची विलय-जोड करावयाची आहे असे मानू. या पद्धतीत दोन्ही याद्या शेजारी ठेवून जे नाव क्रमाने आधीचे ते सोडून पुढे सरकावयाचे असते. कल्याण जुळते. नंतर एकीकडे कळवण व दुसरीकडे कवठे महांकाळ येते. संकेतांकांनुसार कळवण आधीचे म्हणून ते सोडले जाते. कवठे महांकाळ जुळते आणि पहिली यादी संपते. दोन्ही याद्यांत असूनही कळवण उत्तरातून नाहीसे होते. काही चालक यंत्रणा वाटेत क्रमभंग दिसल्यास थांबतात. पण प्रत्येक यंत्रणा प्रत्येक प्रसंगी तो पाहीलच असे नाही. ॲडाप्टरने क्रमणाचे विधान करताना क्रम कोणत्या नियमाने लावला आहे याची खात्री करून घ्यावी. खात्री नसेल तर विधानच करू नये. तसे केल्यास नियोजक क्रमणाची क्रिया स्वतः घालतो, व खर्च होतो तो केवळ वेळाचा.

खर्चाचे अंदाज : येथे उत्तर बरोबर पण योजना वाईट असते. सिस्टिम आरच्या १९७९ च्या निबंधात अन्य माहिती नसल्यास समानतेची अट दहातील एक ओळ व लहानमोठेपणाची अट तिनातील एक ओळ निवडते, असे गृहीत धरले होते. कॅल्साइटमध्ये हेच आकडे अनुक्रमे ०·१५ व ०·५ आहेत. कोष्टकाने ओळींची संख्या सांगितली नाही तर ती १०० समजतात. पोस्टग्रेसमध्ये परक्या कोष्टकासाठी ती आरंभी १,००० धरतात; हा आकडा निखालस काल्पनिक असल्याची कबुली मूळ आज्ञावलीतील टिपणीतच आहे. १ कोटी ओळींचे कोष्टक १०० ओळींचे समजले गेल्यास नियोजक त्यासाठी विचारपूर्वक चुकीची योजना निवडतो. ॲडाप्टरच्या क्रिया स्वस्त दिसाव्यात म्हणून त्यांचा खर्च ०·१ ने गुणण्याची प्रथा कॅल्साइटबरोबरच्या काही नमुना ॲडाप्टरांत आहे व तिचे अनुकरण सर्रास होते. काम स्रोताकडे वळविण्यापुरती ती ठीक आहे. स्रोत दूर व मंद असेल तेव्हा मात्र ती असत्य विधानच ठरते. तसेच कॅल्साइटच्या व्होल्कॅनो नियोजकात खर्चाचे ओळी, गणना व वाचन-लेखन असे तीन घटक नोंदले जात असले, तरी मूळ प्रकारात तुलना ओळींच्या संख्येवरूनच होते. उरलेले दोन आकडे कितीही काळजीपूर्वक भरले तरी योजना बदलत नाही, याचे मग आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

निदानाची रीत : प्रथम पृच्छा लहान करीत न्यावी. जोड काढावी, मग क्रमण, मग निवड. ज्या पायरीवर दोष नाहीसा होतो त्या पायरीची क्रिया संशयित होय. निव्वळ वाचनाची पृच्छाही अपयशी ठरत असेल तर प्रश्न नियमांच्या नोंदणीचा किंवा रूपांतरकाचा असतो. त्यानंतर एक्सप्लेन या आज्ञेने योजना छापून घ्यावी. पोस्टग्रेससाठी पुरविलेल्या पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू या ॲडाप्टरमध्ये विस्तृत एक्सप्लेन मागितल्यास स्रोताकडे पाठविलेली पृच्छाही दिसते. स्वतःच्या ॲडाप्टरमध्ये अशी सोय प्रारंभीच करून ठेवावी, कारण अट कोणाच्या वाट्याला गेली हे तीवरून एका दृष्टिक्षेपात कळते. एक्सप्लेन ॲनलाइझमध्ये अंदाजित व प्रत्यक्ष ओळी शेजारीशेजारी येतात. त्यांतील तफावत जेथे प्रथम शेकडो पटींची होते त्या क्रियेचा अंदाज तपासावा. योजना नियमांमुळे बिघडते आहे असा संशय असेल, तर कॅल्साइटमध्ये एकेक नियम काढून व पोस्टग्रेसमध्ये विलय-जोडीसारख्या पद्धती तात्पुरत्या बंद करून पाहावे. बंद केल्याने उत्तर लवकर किंवा उशिरा येणे स्वाभाविक आहे. उत्तरच बदलले तर मात्र दोष निश्चित होतो.

चुकीच्या फलितासाठी याहून एक वेगळी चाचणी लागते. तीच माहिती संगणकाच्या स्मृतीतील साध्या कोष्टकात घ्यावी, जेथे ॲडाप्टर कोणतेही विधान करीत नाही व सर्व काम नियोजकाची स्वतःची यंत्रणा करते. मग दोन्ही मार्गांनी तीच पृच्छा चालवून उत्तरे ताडून पाहावीत. चाचणीच्या माहितीत रिक्त मूल्ये, लहान-मोठ्या अक्षरांत लिहिलेली तीच नावे, शब्दाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागा, ळ असलेली नावे आणि एकाच पृच्छेत त्याच कोष्टकाचे दोन वेगळ्या अटींनी केलेले वाचन यांचा मुद्दाम समावेश करावा. नीटनेटक्या माहितीवर घेतलेल्या चाचणीत यांपैकी एकही दोष दिसून येत नाही.